वर्धागंजची तार, सेवाग्रामचा फोन

सेवाग्राम आश्रमात शाळेची सहल आली की मुलं साप पकडायच्या चिमट्यापुढं जास्तीत जास्त वेळ रेंगाळतात, असं मी बऱ्याचदा पाहिलंय. साप मारायचा नाही, अलगद धरायचा आणि लांब रानात नेऊन सोडायचा, हे ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात. बापूंच्या दफ्तरातल्या टेलिफोनपुढून मात्र रांग भराभर सरकते. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी गांधीजींशी तातडीनं बोलता यावं म्हणून तो बसवून दिला होता, एवढं त्यांना सांगितलं जातं. एखादं पोर विचारतं, "अजून चालू आहे का?" नाही म्हटलं की संपलं.

मला त्या फोनपुढं थांबावंसं वाटतं. त्याच्या पोटात जे आहे ते आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात छापलेलं असतं. लोखंडी खिळ्याभोवती तांब्याची तार गुंडाळा, टोकं घटाला जोडा, टाचण्या चिकटतील. जोडणी तोडा, टाचण्या गळून पडतील. विद्युतचुंबक. पोरं तेवढं पाठ करतात, विद्युत घंटेची आकृती काढतात, मार्क मिळवतात. पण हे चिकटणं आणि गळून पडणं वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात किती खोलवर गेलंय, हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

वर्धा हे काही पुरातन शहर नव्हे. १८६२ मध्ये नागपुरातून हा जिल्हा वेगळा काढला, तेव्हा मुख्य ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवं गाव आखलं गेलं आणि त्याला नदीचं नाव मिळालं. नव्या गावाला रेल्वेही नवीच मिळाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेचा भुसावळकडून येणारा फाटा १८६७ मध्ये नागपूरला जाऊन भिडला. रुळांच्या कडेनं खांब आले, खांबांवरून तार आली. तारेबरोबर तारऑफिस आलं.

ती तार इथवर कशी आली, ते थोडक्यात सांगतो. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसलं की वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. पाचच वर्षांत इंग्लंडमधल्या विल्यम स्टर्जननं नालाच्या आकाराचं लोखंड घेऊन त्यावर उघड्या तारेचे वेढे दिले आणि पहिला विद्युतचुंबक केला. तार उघडी असल्यामुळं वेढे एकमेकांपासून दूर ठेवावे लागत, म्हणून ते मोजकेच बसत. अमेरिकेत जोसेफ हेन्रीनं ही अडचण सोडवली, आणि ज्या रीतीनं सोडवली ती वर्धेकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. त्यानं तारेवर रेशमाचा धागा गुंडाळला. धाग्यानं वेढलेली तार वेढ्याला वेढा चिकटवून, थरावर थर देऊन गुंडाळता येऊ लागली आणि चुंबकाची ताकद कितीतरी पटींनी वाढली. पुढं सगळीकडं तांब्याच्या तारेवर रेशीम नाहीतर सुती धागा चढवायची रीत पडली. कापसाच्या या मुलखात पुढं ज्या सुतावरून एवढं राजकारण घडलं, त्याच जातीचं सूत तारयंत्राच्या कुंतलात, म्हणजे तारेच्या गुंडाळीत, लपेटलेलं असे. कुंतल भरायचं कामही कांडी भरण्यासारखंच. हात एका लयीत फिरला पाहिजे, ताण सारखा राहिला पाहिजे, वेढा वेढ्यावर चढता कामा नये.

भारतात तारेचे पहिले प्रयोग १८३९ मध्ये कलकत्त्यात विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरनं केले. १८५४ पासून तार लोकांसाठी खुली झाली. वर्धा वसलं तेव्हा म्हणजे ही विद्या देशात बारा वर्षं मुरलेली होती.

आता त्या तारऑफिसात डोकावू. टेबलावर पितळी चावी, शेजारी 'साउंडर'. साउंडर म्हणजे दोन उभी कुंतलं, त्यांच्यावर लोखंडाची एक आडवी पट्टी आणि पट्टीला मागं ओढणारी स्प्रिंग. पलीकडच्या स्टेशनातल्या बाबूनं चावी दाबली की इथल्या कुंतलातून वीज वाहते, पट्टी खाली खेचली जाते, 'कट्ट' वाजतं. चावी सुटली की स्प्रिंग पट्टी वर नेते आणि वेगळ्या सुरात पुन्हा 'कट्ट'. दोन आवाजांमधलं अंतर कमी असेल तर टिंब, जास्त असेल तर रेघ. इंग्रजीतल्या 'वर्धा'चं पहिलं अक्षर म्हणजे एक टिंब आणि दोन रेघा. मुरलेला तारबाबू टिंबरेघा उमटलेली कागदी फीत बघत बसत नसे. कानानं ऐकायचा आणि हातानं लिहायचा. टाचण्या चिकटण्या-गळण्याचा शाळेतला प्रयोग तो हाच, फक्त दुसऱ्या टोकाचा हात शेकडो मैल लांब.

कपाटात घटांची रांग असे. त्या काळात रूढ असलेल्या एका प्रकारच्या घटात तांबं, जस्त आणि मोरचूद असे. संत्र्याच्या बागेवर चुन्यात कालवून फवारायचं मोरचूद ज्यांच्या हाताला लागलंय, त्यांना तो निळा रंग वेगळा सांगायला नको.

आणि खांबांवर तार एकच. विजेला परत जायला दुसरी तार लागते असं आपण शिकतो. इथं परतीची वाट जमिनीतून होती. दोन्ही ठिकाणी जमिनीत खोल पत्रा पुरायचा आणि मंडल मातीतून पुरं करायचं. माती ओली असेल तर हे नीट जमतं, कोरडी पडली की अडतं. वैशाखात आपल्याकडच्या काळ्या मातीला हातभर भेगा पडतात. आजही रोहित्राच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात, ते याच कारणानं. अंतर लांबलं की वीज इतकी क्षीण होते की साउंडरची पट्टी हलत नाही. त्यावर 'रिले' हा उपाय. अगदी हलक्या हातानं चालणारा छोटा विद्युतचुंबक पट्टी एवढीशीच हलवतो, पण त्या हलण्यानं दुसऱ्या, ताज्या घटांचं मंडल जुळतं आणि निरोप नव्या दमानं पुढं जातो. टपालाच्या घोड्यासारखं.

तार आली ती कुणासाठी? सरकारसाठी, रेल्वेसाठी आणि कापसाच्या व्यापारासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्याकडच्या रुईची आठवण झाली. हिंगणघाटचा 'बनी' कापूस त्या बाजारात नावाजलेला होता. युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईत पेढ्या बुडाल्या. त्यानंतरही विलायतेची ओढ राहिली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त म्हणून रिव्हेट-कार्नाक नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमला गेला. १८७० मध्ये समुद्राखालच्या केबलनं मुंबई इंग्लंडला जोडली गेली. त्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाटवरून वरोऱ्याच्या कोळसा खाणीकडं रेल्वेचा फाटा गेला. आता लिव्हरपूलला भाव फुटला की त्याची खबर आठवड्यांनी येत नव्हती, तासांत येत होती.

इथं मला माझं मत मांडलंच पाहिजे. ही खबर अडत्याच्या गादीपर्यंत पोहोचली, शेतकऱ्याच्या बंडीपर्यंत पोहोचली नाही. ज्याच्या हाती तार, त्याला भाव उतरणार हे आधी कळणार, आणि ज्यानं वर्षभर राबून कापूस आणला त्याला तो काट्यावर चढल्यावर कळणार. तारेनं अंतर मिटवलं म्हणतात. वर्धा आणि लिव्हरपूल यांच्यातलं मिटवलं खरं. गादी आणि बंडी यांच्यातलं वाढवलं. यंत्राचा यात दोष नव्हता. साउंडरची पट्टी गोरगरीब ओळखत नाही, ती फक्त वीज आली की खाली येते. चावीवर हात कुणाचा, हा प्रश्न होता. आणि हाच प्रश्न पुढं गांधीजींनी या जिल्ह्यात बसून विचारला.

साध्या माणसाच्या घरी तार आली ती दुसऱ्याच रूपात. खाकी कपड्यातला तारवाला सायकलवरून उतरला की कागद उघडायच्या आधीच रडारड सुरू व्हायची. आनंदासाठी पैसे मोजून तार कोण करणार? ज्यांची पोरं मुंबई-नागपूरच्या गिरण्यांत गेली होती त्यांच्यासाठी तार म्हणजे वाईट बातमी, हे समीकरण पुढं दोन पिढ्या टिकलं.

रेल्वेनं विद्युतचुंबकाचा आणखी एक वापर केला, तोही सांगून टाकतो. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून भारतात 'नील्स'चं यंत्र सर्रास वापरात होतं. लाल रंगाच्या त्या पेटीत पोलादी गोळे असतात. पुढच्या स्टेशनमास्तरनं तिथून वीज पाठवल्याशिवाय इथला विद्युतचुंबक कुलूप सोडत नाही, आणि गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. वेताच्या कड्यातल्या पिशवीत घातलेला तो गोळा धावत्या इंजिनात झेलणारे हात ज्यांनी पाहिलेत, ते ती झेप विसरणार नाहीत.

आता गांधीजींकडं वळू. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं बिऱ्हाड वर्ध्यात मगनवाडीला थाटलं गेलं. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी तिथून आठेक किलोमीटरवरच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. रस्ता नावाला, पावसाळ्यात चिखल गुडघाभर. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई सुरुवातीला मगनवाडीत राहत आणि टपाल, तारा, कागदपत्रं घेऊन रोज पायी जाऊन पायी परतत, वर्ध्याच्या उन्हाळ्यातसुद्धा. देशभरच्या तारा पाहता पाहता वर्ध्याला येत, आणि शेवटच्या आठ किलोमीटरला महादेवभाईंचे पाय लागत. गांधीजींच्या त्या काळातल्या तारांवर ठिकाण म्हणून 'वर्धागंज' असं दिसतं, कारण तार तिथल्या ऑफिसातून जायची. टपालाचे घोटाळे तर रोजचेच. संत गजानन महाराजांचं शेगाव रेल्वेच्या मुख्य मार्गावर, त्यामुळं इकडची पत्रं तिकडं जायची. अखेर मार्च १९४० मध्ये गावाचं नाव बदललं आणि सेवाग्राम झालं. नव्या नावात सेवेचा भाव आहेच. पण त्याला निमित्त झालं चुकलेल्या टपालाचं.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं. व्हाइसरॉयनी कुणा भारतीयाला न विचारता देश युद्धात लोटला आणि गांधीजींना ताबडतोब निघा म्हणून तार केली. गांधीजी मिळेल त्या पहिल्या गाडीनं निघाले. त्यांचं ५ सप्टेंबरचं निवेदन सिमल्याहून निघालेलं आहे. हिंदुस्थानच्या राज्यकर्त्याला एका खेड्यात राहणाऱ्या माणसाशी बोलल्यावाचून चालत नव्हतं, आणि त्या खेड्यापर्यंत धड रस्ता नव्हता. ही अडचण सरकारच्या बाजूची होती. दफ्तरातला फोन त्या अडचणीतून आला.

त्या काळच्या टेलिफोनमध्ये तोंडाजवळ कोळशाचे बारीक कण भरलेली डबी असे. आवाजानं पातळ पडदा थरथरला की कण दाबले जात, सैल होत, आणि वीज त्या लयीत कमीजास्त होई. तार फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच बोलायची. इथं प्रवाह गळ्याबरोबर वरखाली होऊ लागला. मग ही वीज एका छोट्या रोहित्रातून पुढं जाई, म्हणजे लोखंडी गाभ्यावर एकमेकांना न शिवणारी दोन कुंतलं. एकात वीज बदलली की दुसऱ्यात आपोआप उमटते, हे मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये शोधलेलं प्रवर्तन. पलीकडं कानाच्या बाजूला कायमचा चुंबक, त्याच्या टोकावर बारीक तारेचं कुंतल आणि समोर लोखंडी चकती. वीज बदलेल तशी चकती ओढली जाते, सुटते, आणि हवा बोलू लागते. घंटा वाजवणारा विद्युतचुंबक आणखी निराळा. एका फोनमध्ये तीन ठिकाणी तेच लोखंड आणि तीच गुंडाळलेली तार.

गांधीजींनी हा फोन चालवून कसा घेतला, असं काही जण अजून विचारतात, जणू त्यांची चूकच पकडली. 'हिंद स्वराज्य' लिहिणाऱ्यानं रेल्वेला नावं ठेवली होती, हे खरं. पण १९३५ मध्ये 'हरिजन'मधून त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं की प्रत्येक खेडुताच्या घरात वीज पोहोचणार असेल तर त्यानं आपली अवजारं विजेवर चालवायला माझी हरकत नाही. मात्र गायरान जसं गावाचं असतं तसं वीजघरही गावाचं किंवा राज्याचं असावं. गायरानाचा दाखला मला फार मोलाचा वाटतो. विदर्भातल्या माणसाला तो फोड न करता समजतो. विजेबद्दल त्यांचं भांडण नव्हतं, चावी कुणाकडं यावर होतं.

दरम्यान २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद झाली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली; विनोबा, काकासाहेब कालेलकर, कुमारप्पा, आर्यनायकम, आशादेवी अशी माणसं तिच्यात होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा अहवाल आला. हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी, मातृभाषा माध्यम, आणि सामान्य विज्ञानात थोर शास्त्रज्ञांच्या गोष्टींनाही जागा. या समितीला आपल्या म्हणण्यासाठी साक्षीदार हवा होता तर फॅरडेइतका पक्का दुसरा मिळाला नसता. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, शाळा जेमतेम, गणित जवळजवळ नाहीच. जे शिकला ते हातानं: पुस्तकं शिवताना वाचून, तारा गुंडाळून, चुंबक फिरवून, पुन्हा फिरवून. आजच्या जगातलं प्रत्येक जनित्र त्या हातांचं देणं आहे. चरख्यावर माळ चातीला फिरवते हे ज्या पोरानं बोटांनी अनुभवलंय, त्याला चुंबकापुढं कुंतल फिरवून वीज निघते हे समजावणं अवघड नाही. या अहवालातून उभ्या राहिलेल्या नई तालीम शाळांतून ती वाट रुळली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीनं वर्ध्यात इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला आणि ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झालं. पुढाऱ्यांची धरपकड झाल्यावर देशभर लोकांनी रूळ उखडले आणि तारा तोडल्या. सरकारची नस कुठं आहे हे लोकांना नेमकं कळलं होतं. आपल्या जिल्ह्यात १६ ऑगस्टला आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. तार तुटली की पट्टी हलत नाही, आणि पट्टी हलली नाही की हुकूम पोहोचत नाही. विद्युतचुंबकाचा धडा त्या ऑगस्टात पुस्तकाशिवाय शिकला गेला.

पुढचं भराभर सांगतो. गांधीजी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्रामहून गेले ते परत आले नाहीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस वर्ध्याच्या रुळांवर पंचवीस हजार व्होल्टच्या तारा आल्या. १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवा बंद झाली. आज जिल्ह्यात पॉवरग्रिडचं ७६५ किलोव्होल्टचं उपकेंद्र आहे, आणि तिथल्या अवाढव्य रोहित्रांमध्येही लोखंडाच्या गाभ्यावर कुंतलंच आहेत. खाली कापसाचं शेत, वर मनोरे, आणि शेतातला पंप रात्रीच्या पाळीची वीज कधी येते याची वाट बघत.

जिल्ह्यातल्या विज्ञानाच्या शिक्षकांना एक विनंती करतो. आठवीचा 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' किंवा दहावीचा 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आला की मुलांना सेवाग्रामला न्या. सोबत एक मोठा खिळा, चार हात आवरणाची तार, दोन सेल आणि मूठभर टाचण्या घ्या. गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ आश्रमात आहे, त्याच्या सावलीत बसून प्रत्येक मुलाला स्वतःच्या हातानं तार गुंडाळू द्या. टाचण्या चिकटू द्या, गळू द्या. मग सगळ्यांना पुन्हा एकदा दफ्तरात न्या आणि त्या फोनपुढं निवांत उभं राहू द्या.